तपासणीची चिठ्ठी हातात आली, आता पुढं काय?

या महिन्यात तुमची जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं, मुलाच्या दप्तरात एक चिठ्ठी आली आणि घरातल्यांची झोप उडाली. काहींना तर शाळेनं सरळ 'विशेष शाळेत घाला' असं सांगून टाकलंय. मी सत्तावीस वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम केलं, त्यातली नऊ वर्षं विशेष शाळेत आणि बाकीची साध्या शाळांमधून फिरत, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय. या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवते आणि यावरच बोलते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. मागच्या आठवड्यात दवाखान्याची गाडी आली होती, त्यांनी तिच्या कार्डावर इंग्रजीत काहीतरी लिहून उपजिल्हा रुग्णालयात जा म्हणून सांगितलं. बाई म्हणतात हिला काही समजत नाही, पाठ करून घेतलं तरी विसरते, फळ्यावरचं उतरवताना अर्धं सोडते, हिला मतिमंदांच्या शाळेत टाका. घरी तर ती सगळं बोलते, दुकानातून सामान आणते, सुटे पैसे बरोबर मोजून घेते. मिस्टर म्हणतात बाई सांगतात तर टाकून बघू. मी काय करू? (एक आई, बार्शी तालुका)

उत्तर : ताई, सुटे पैसे बरोबर मोजून घेते हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. सात वर्षांची पोर पन्नासची नोट देऊन उरलेले पैसे मोजून आणत असेल तर 'हिला काही समजत नाही' हे मला पटत नाही. फळ्यावरचं अर्धं सुटतंय हे बाईंना दिसतंय ते खरंच असणार, पण ते कशामुळे सुटतंय हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय आणि ते ठरवणं त्यांचं काम नाही.

आधी ती गाडी कुणाची ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची सरकारी योजना आहे, फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाली आणि तिची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषध देणारे असे चौघं असतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत वर्षातून एकदा जातात. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर असे मिळून 30 प्रकारचे त्रास ते बघतात. बघतात म्हणजे काय तर संशय आला की पुढं पाठवतात, एवढंच. पुढची तपासणी, उपचार, गरज पडली तर ऑपरेशनसुद्धा फुकट व्हायला पाहिजे असं त्या योजनेतच आहे. त्यामुळे चिठ्ठीचा अर्थ 'हिला नीट तपासा' इतकाच, हिची शाळा बदला असा तो अजिबात नाही.

आणि ही तपासणी होते कशी तेही माहीत असू दे. मी कितीतरी ठिकाणी हजर होते. व्हरांड्यात दीडशे पोरं रांगेत उभी, जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं कारण दुपारी पुढच्या गावची शाळा, डोळ्याचा तक्ता खिडकीशेजारी खिळ्याला लावलेला, बाहेरचं ऊन सरळ पोरांच्या डोळ्यावर, आणि रांगेत मागं उभी असलेली पोरगी पुढचीची उत्तरं ऐकून पाठ करून बसलेली. पथकातली माणसं मनापासून काम करतात, पण दीडशे मुलं आणि तीन तास याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून चिठ्ठी आली की घाबरायचं नाही, आणि ज्यांना नाही आली त्यांनीही निश्चिंत बसायचं नाही.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडं तिसरीतली एक मुलगी आणली होती, तक्रार डिट्टो तुमच्यासारखीच, लक्ष नसतं, विसरते. समोर बसून बोलले तर सगळं व्यवस्थित. मग मी उठून कपाटातून काहीतरी काढता काढता पाठमोरीच विचारलं, 'डब्यात काय होतं गं आज?' काही उत्तर नाही. परत विचारलं, तरी नाही. वळून तेच विचारलं तर लगेच म्हणाली, 'शेंगाची चटणी आन् भाकरी.' ती माझे ओठ बघून ऐकत होती! वर्गात बाई फळ्याकडं तोंड करून लिहिता लिहिता सांगायच्या, त्यातलं या पोरीच्या कानावर निम्मंच पडायचं, मग वहीतही निम्मंच उतरायचं. दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी साठलेलं निघालं. लहानपणापासून सर्दी झाली की कान फुटायचा आणि घरी गरम तेल घालायचे. औषधं झाली, नंतर छोटं ऑपरेशन झालं, आणि मुलगी त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली. दीड वर्ष तिला सगळे ठोंब्या म्हणत होते ते मात्र कुणी परत घेतलं नाही, ते मला अजून लागतं.

तर तुम्ही आता या क्रमानं जा. आधी डोळे, एकेक डोळा झाकून तपासलेले, दोन्ही उघडे ठेवून नाही, कारण एक डोळा चांगला असला की दुसरा आळशी पडलेला कळतच नाही आणि त्यावरचा उपचार सातआठ वर्षांच्या आत झाला तर फरक जास्त पडतो. मग कान, नुसतं बॅटरी लावून बघणं नाही तर मशीनवरची श्रवण चाचणी. मग रक्त, कारण रक्त कमी असलेली पोरं वर्गात पेंगतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. आणि एक विचारते, बोलता बोलता ती चारपाच सेकंद एकटक बघत राहते का, हाक मारली तर ऐकू न आल्यासारखी, आणि मग जसं काही झालंच नाही तशी पुढं सुरू? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तोही फिटचा एक प्रकार असतो, त्यात मूल पडत नाही, झटके देत नाही, म्हणून शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा शंका उरली तर जिल्ह्याच्या ठिकाणी या योजनेचंच केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात त्याला, तिथं बुद्धीची चाचणी, ती पण ती घरी जी भाषा बोलते त्या भाषेत.

आता शाळेचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, यातली कुठली ते मुलानं आणि पालकांनी निवडायचं. म्हणजे उद्या तिला खरंच काही निघालं तरी बाईंनी म्हटलं म्हणून जावं लागत नाही. तुमच्याकडून शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायचा प्रयत्न होईल, 'तुम्हीच लिहून द्या, आमचं काही नाही' असं गोड बोलतात, तो अर्ज लिहू नका. मिस्टरांना सांगा, टाकून बघू म्हणून टाकायला ती पेरणी नाही, मूल एकदा तिथं गेलं की परत साध्या शाळेत आणायला मी स्वतः किती हेलपाटे घातलेत ते मलाच माहीत.

विशेष शाळा वाईट असं मात्र माझं म्हणणं नाही हं. काही मुलांसाठी तीच बरोबर जागा असते, तिथली मुलं फुललेली मी बघितलीयेत. पण ते सगळं तपासून, समजून ठरवायचं.

प्रश्न : मॅडम, माझा नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. गावातल्या शाळेत नाव आहे, अधूनमधून जातो. दिव्यांग प्रमाणपत्र काढा म्हणून शाळा तीन वर्षं मागं लागलीय पण मुलगा आणि सूनबाई तयार नाहीत, म्हणतात एकदा शिक्का बसला की बसला, उद्या नातीच्या लग्नात अडचण येईल. माझं वय झालं, मी असेपर्यंत याचं काहीतरी मार्गी लागावं असं वाटतं. (एक आजोबा, जिल्हा सांगली)

उत्तर : काका, तुमच्या सूनबाईंची भीती मी खोटी ठरवणार नाही, आपल्याकडं लोक बोलतात आणि त्याचा चटका बाईमाणसाला जास्त बसतो. पण त्यांना एवढंच विचारा, गावात असं कोण आहे ज्याला हा पोरगा माहीत नाही? ते कार्ड घरच्या कपाटात राहतं, शाळेत आणि दवाखान्यात दाखवायला लागतं, त्यानं लपलेलं काही उघड होत नाही. उलट ते नसल्यानं नऊ वर्षं त्याच्या हक्काचं काय काय गेलं असेल याचा विचार करा.

आता यूडीआयडी नावाचं एकच कार्ड देशभर चालतं, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं. 40 टक्क्यांच्या आत असेल तर पांढरा पट्टा, 40 ते 80 ला पिवळा आणि 80 च्या वर निळा. बहुतेक सवलती 40 पासून सुरू होतात. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. तुमच्या नातवाला ती लागू होऊ शकते.

पण प्रमाणपत्राच्याही आधी एक काम करा. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, थायरॉइड आणि कान यांचाही त्रास बऱ्याच जणांना असतो. कधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलीय का त्याची? तुम्ही लिहिलंय अधूनमधून शाळेत जातो, का जात नाही ते विचारलंत का कुणी, चालून दम लागतो का, ओठ निळसर पडतात का? घरातल्यांना प्रमाणपत्रासाठी नको असेल तर नका नेऊ, हृदयाच्या तपासणीसाठी तरी न्या, त्याला तर कुणी नाही म्हणणार नाही. एकदा दवाखान्याची पायरी चढली, तिथं त्याच्यासारखी दहा मुलं आणि त्यांचे आईबाप भेटले की सूनबाईंचं मनही वळेल, असं झालेलं मी बऱ्याच घरात बघितलंय.

प्रश्न : आमचा मुलगा पुण्यात इंग्लिश मीडियमला सहावीत आहे. वाचताना अक्षरं गाळतो, स्पेलिंगचा आनंदीआनंद, पण तोंडी सगळं येतं, सायन्सचे प्रश्न तर आम्हालाच विचारून हैराण करतो. स्कूल काउन्सेलरनं एडीएचडी आणि लर्निंग डिसेबिलिटी असं दोन्ही सांगितलं आणि आता प्रिन्सिपल म्हणतात एकतर स्वतःच्या खर्चानं शॅडो टीचर (वर्गात मुलाजवळ बसून मदत करणारी शिक्षिका) ठेवा नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. महिन्याला पंधरा हजार सांगतायत. सरकारी पथक आमच्या शाळेत येत नाही. (आईवडील, पुणे)

उत्तर : काउन्सेलरनं 'सांगितलं' म्हणजे नुसतं सांगितलं की काही चाचण्या करून रिपोर्ट दिला? रिपोर्ट नसेल तर तो आधी मागा. पथक विनाअनुदानित शाळेत येत नाही हे बरोबर, पण सरकारी दवाखान्याचं दार तुम्हाला बंद नाही, खाजगी शाळेतलं मूलही तिथं जाऊ शकतं.

दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. लर्निंग डिसेबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता, ही 2016 च्या कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, त्या यादीत नाही. म्हणजे त्याला मदत लागणार नाही असं नाही, पण प्रमाणपत्र मिळेल ते पहिल्याचं. ते आठ वर्षांनंतरच देतात, तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढं आहे म्हणजे उशीर आधीच झालाय, आता वेळ घालवू नका. डोळे आणि कान आधी तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणित इयत्तेच्या मानानं किती मागं आहे ते. मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये हे काम वर्षानुवर्षं चाललंय, तुम्ही पुण्यात जिल्हा रुग्णालयापासून चौकशी सुरू करा. नंबर लागायला वेळ जातो, खाजगी रिपोर्ट शिकवण्यासाठी उपयोगी पडतो पण बोर्डाला सरकारी प्रमाणपत्र लागतं हे ध्यानात ठेवा. आपल्या राज्यानं 1996 मध्येच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जास्तीचा वेळ, तासाला 20 मिनिटं धरा, गरज असेल तर लेखनिक, काही विषयांना पर्याय, हे सगळं तुमच्या मुलाला दहावीत मिळू शकतं, त्याची तयारी सहावीत करायची असते.

आता प्रिन्सिपलांचं बोलणं. सरकारी मदत असो वा नुसती मान्यता असो, अशा प्रत्येक शाळेला 2016 च्या कायद्याच्या कलम 16 नं बांधलेलं आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची, आणि त्याच कलमात असंही आहे की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर शाळेनं ओळखायची आणि त्यावर उपाय करायचे! म्हणजे जे सहावीत कळलं ते दुसरी-तिसरीत ओळखणं त्यांचंच काम होतं. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक आणि पुढच्या वर्गांना 15 मुलांमागं एक असं प्रमाण सांगितलंय. तो खर्च पालकांवर ढकलून 'नाहीतर जा' म्हणणं कायद्याला धरून नाही.

भांडायला मात्र लगेच जाऊ नका, मुलाला अजून तिथंच बसायचंय. प्रिन्सिपल तोंडी काय म्हणाले ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा, 'आज आपण असं सांगितलंत, कृपया लेखी द्यावं'. बऱ्याचदा इथंच सूर बदलतो. सोबत साध्या मागण्या लिहा, पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी फोटो किंवा झेरॉक्स, स्पेलिंगचे मार्क कापू नयेत, एखादी चाचणी तोंडी. यातल्या कशालाच पंधरा हजार लागत नाहीत. नाहीच ऐकलं तर शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढं पुण्यातच दिव्यांग आयुक्त आहेत, तिथं लेखी तक्रार करता येते.

आणि जो मुलगा सायन्सचे प्रश्न विचारून हैराण करतो त्याला आठवड्यातून एकदा तरी तुम्ही वाचून दाखवत जा, त्याला आवडेल ते. वाचता येत नाही म्हणून त्याची पुस्तकं बंद पडू देऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यात तांड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे. निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. यंदा पथक आलं डिसेंबरात, पटावर 46 मुलं आणि हजर 19. जी गेलीत त्यातल्याच दोनतीन मुलांबद्दल मला शंका होती. आम्ही काय करावं? (एक शिक्षक)

उत्तर : सर, पटावर 46 आणि हजर 19 हा आकडा तुम्ही लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण तपासणीच्या कागदावर 'शाळा पूर्ण' अशी खूण झाली असेल आणि ती 27 मुलं कुठंच दिसत नसतील. पथकाचं वर्षाचं वेळापत्रक आधी ठरतं. जून-जुलैत तालुक्याच्या दवाखान्यात एक पत्र द्या, केंद्रप्रमुखांची सही घेऊन, की आमच्या केंद्रातल्या या या शाळांमधली मुलं स्थलांतर करतात, यांची तपासणी दसऱ्याच्या आत घ्या. एकट्या शाळेचं पत्र फाईलला लागतं, सातआठ शाळांनी मिळून दिलं तर ऐकतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ जी मुलं राहिली ती तरी सुटू देऊ नका.

तोपर्यंत तुम्हाला स्वतःला बरंच करता येतं. मोकळ्या पटांगणात सावलीत वीस फुटांवर तक्ता लावा, एकेक मूल, एकेक डोळा, तळहातानं नीट झाकून, बोटांच्या फटीतून बघतात पोरं. कानासाठी मागून हळू आवाजात नाव घ्या. एनसीईआरटीनं 2022 मध्ये प्रशस्त नावाचं मोबाइल ॲप काढलंय, 21 दिव्यांगत्वांची लक्षणं शिक्षकानं वर्गात बघून त्यात भरायची, ते वापरा. पण त्यात जे येईल ते कुणाच्याही कपाळावर चिकटवू नका.

आणि सर, तांड्यावरचं पोरगं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. पहिलीत मराठीत उत्तर देत नाही म्हणून 'मंद' अशी नोंद झालेली मुलं मी डोळ्यांनी बघितलीत. ज्या दोनतीन मुलांची शंका आहे त्यांच्या आजीला शाळेत बोलवा आणि आजीलाच त्याच्याशी बोलू द्या, तुम्ही नुसतं बघा. उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, ओझ्याखाली आईबाप सहा महिने फडात, पोरगं पाळण्यातल्या भावंडाला सांभाळतं आणि मार्चमध्ये परत येऊन बसतं, त्याला अक्षरं येत नाहीत यात त्याच्या डोक्याचा काय दोष? तपासणीचं कार्ड मात्र जाताना आईच्या हातात द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कारखान्याच्या भागातल्या दवाखान्यात दाखवता येतं.

प्रश्न : आम्ही टोकियोत राहतो, मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे. एप्रिलमध्ये पहिलीत जाईल. वॉर्ड ऑफिसकडून आरोग्य तपासणीचं पत्र आलंय. इथले मराठी लोक म्हणतात ही तपासणी म्हणजे मुलांना वेगळं काढायचीच तपासणी आहे, जाऊच नका. (एक आई)

उत्तर : जपानमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी, साधारण नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत, नगरपालिका ही तपासणी घेते, डोळे, कान, दात, सगळं. त्यातून एखाद्या मुलाबद्दल शंका आली की शिक्षण मंडळ पालकांशी सल्लामसलत सुरू करतं आणि साधा वर्ग, साध्या शाळेतलाच खास वर्ग किंवा वेगळी विशेष शाळा यातलं काय ते सुचवतं. 2013 मध्ये तिथले नियम बदलले, त्याआधी ठराविक दिव्यांगत्व असलं की विशेष शाळा हाच रस्ता असायचा, आता पालकांच्या म्हणण्याला जास्तीत जास्त मान द्यायचा असं आहे. तरी शेवटचा निर्णय शिक्षण मंडळ घेतं, आणि वेगळं बसवण्यावर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं जपानला चांगलंच सुनावलंय, म्हणजे तुमच्या ओळखीच्यांची भीती अगदीच निराधार नाही.

तरीही जा, मी असं म्हणेन. न गेलात तर तुमच्याशिवाय तुमच्या मुलाबद्दल मत बनेल. तपासणीच्या आधीच सल्लामसलतीची वेळ मागून घ्या, दुभाषा मागा, आणि मुलाचा एक पानाचा परिचय जपानीत करून न्या, कशानं घाबरतो, कशानं शांत होतो, किती भाषा कानावर पडतात. घरी मराठी, बालवाडीत जपानी, कार्टून इंग्रजी असं असलेलं मूल कमी बोलतं ते सगळंच ऑटिझममुळे असं त्यांनी धरायला नको. खास वर्ग सुचवला तर लगेच नाही म्हणू नका, तिथं एका वर्गात जास्तीत जास्त आठ मुलं असतात आणि त्याच शाळेत असल्यानं जेवण, खेळ बाकीच्यांबरोबर होऊ शकतात. आठवड्यातले किती तास साध्या वर्गात बसवणार ते मात्र विचारून, लिहून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, बोलणं आम्हालाच कळतं. अंगणवाडीत असताना नाव होतं, नंतर शाळेत घातलंच नाही कारण शाळा खाली आणि आमचं घर वर, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून जावं लागतं. आता एक आशाताई म्हणाल्या अजूनही नाव घालता येतं. आता काय उपयोग, उशीर झाला ना? (एक आई, संगमेश्वर तालुका)

उत्तर : उशीर झालाय हे खरं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार नाही. पण नाव घालता येतं आणि वयाप्रमाणे वर्गात घालता येतं, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचं नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसंच आहे. 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिक्षण घ्यायचाही हक्क दिलाय, गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात. पण तो तुम्ही निवडायचा पर्याय आहे, शाळेनं 'घरीच ठेवा, आम्ही नाव लावतो' म्हणून गळ्यात मारायचा नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही मागा, रोजचं घरी आणि जमेल त्या दिवशी शाळेत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये दहा महिने मिळतात, मदतनीस आणि प्रवास यांचे भत्ते आहेत, बसायची खास खुर्ची शिबिरातून मिळते, खुर्ची घेताना तिचं माप घेतल्याशिवाय घेऊ नका, मोठ्या मापाच्या खुर्चीत मूल वाकडं होत जातं.

तिचं बोलणं तुम्हालाच कळतं असं लिहिलंत. म्हणजे ती बोलते! 'हो' कसं म्हणते, 'नको' कसं म्हणते, भूक लागली की काय करते, हे सगळं एका वहीत लिहून काढा, येणाऱ्या शिक्षकांना ती वही पहिल्या दिवशी द्या.

आणि मुख्याध्यापकांकडं जाताना एकट्या जाऊ नका, तिला घेऊन जा. पाखाडी उतरायला शेजारच्या दोघांना सांगा, आशाताईंना सोबत घ्या, शाळा भरलेली असेल अशा वेळी जा, मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्यात तिला थोडा वेळ बसू द्या, आणि प्रवेशाचा अर्ज तिच्यासमोरच भरा. जन्माचा दाखला आणि आधार असेल तर घ्या, नसेल तरी वयाच्या दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. पोच घ्यायला विसरू नका. झालं की मला कळवा, तिच्या वर्गशिक्षकांचा फोन नंबर मिळाला तर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.